खानावळ चालते कशावर?

काचीगुडा भागातली आमच्या ओळखीची एक खानावळ दिवाळीनंतर बंद झाली. बातमी व्हावी असे त्यात काही नाही. पण आमच्या सकाळी फिरायला येणाऱ्या मंडळींपैकी एक गृहस्थ पत्नी गेल्यापासून दोन्ही वेळ तिथेच जेवत. पुढचे तीन आठवडे त्यांनी ब्रेड-केळ्यांवर काढले आणि आम्हाला पत्ताही लागू दिला नाही. तेव्हापासून आम्ही चार निवृत्त मंडळी हैदराबादेत रोज खाता येईल आणि परवडेल असे जेवण शोधत हिंडतो आहोत.

यात 'रोज' महत्त्वाचे. बिर्याणी इथे पावलोपावली मिळते, पण साठीनंतर ती रोज पचत नाही. इराणी चहा आणि उस्मानिया बिस्किट हे सुख खरे, जेवण नव्हे.

सुरुवातीला आम्हीही मुलांसारखे स्विगी-झोमॅटोवरच शोधले. तिथे हॉटेलवाल्याला कमिशन द्यावे लागते, ते बहुतेक जण पदार्थाच्या किमतीतच धरतात. वर डिलिव्हरीचा आकार आणि प्लॅटफॉर्म फी. जिला ताटामागे मोजकेच रुपये सुटतात, ती खानावळ या यादीत शिरतच नाही. आणि यादीत नाही म्हणजे ती अस्तित्वातच नाही, असे घरची तरुण मंडळी धरून चालतात.

बँकेत लहान धंद्यांची कर्जप्रकरणे तपासण्यात आयुष्य गेले, त्यामुळे हिशेब पाहिल्याशिवाय राहवत नाही. भाडे, मजुरी आणि 19 किलोचा व्यावसायिक सिलिंडर (त्याचा दर साधारण दर महिन्याच्या 1 तारखेला बदलतो) हे खर्च सगळ्यांनाच आहेत. खानावळीचा खरा आधार वेगळा असतो. महिन्याचे पैसे आगाऊ देणारी माणसे हेच तिचे खेळते भांडवल. त्यातूनच तेल, डाळ, तांदूळ भरले जातात, बँकेकडे यावे लागत नाही. पन्नास जणांचा स्वयंपाक केला आणि तीसच जण आले, तर त्या दिवसाचा नफा उकिरड्यावर जातो. बंद झालेल्या खानावळीच्या मालकीणबाईंनी आम्हाला नेमके हेच सांगितले. गिऱ्हाईक तुटले नव्हते, दिवसाआड येऊ लागले होते. मधल्या दिवशी ते फोनवरून मागवत.

म्हणजे खानावळी बुडण्यात आपलाही थोडा हात आहे.

आता काय सापडले ते सांगतो. घरी भात लावता येत असेल, तर गल्लीतला कर्री पॉइंट सगळ्यात सोयीचा. पप्पू, सांबार, एखादी कोरडी भाजी पिशवीत बांधून मिळते. तिखट मात्र आंध्र पद्धतीचे, दही जवळ ठेवावे. सकाळी टिफिन सेंटरवर रिक्षावाले आणि दुकानातली पोरे उभ्याने खात असतील तिथे इडली बेलाशक घ्यावी, कारण तिथे कालचे पीठ उरत नाही. महापालिकेच्या केंद्रांवर 2014 पासून 5 रुपयांत दुपारचे जेवण मिळते. आमच्यातल्या दोघांना रांगेत उभे राहायला संकोच वाटला. जेवल्यावर तो गेला.

बिलही वाचावे. कंपोझिशन योजनेतल्या हॉटेलला गिऱ्हाइकाकडून वेगळा जीएसटी घेता येत नाही. नियमित नोंदणी असलेली साधी रेस्टॉरंटे 15 नोव्हेंबर 2017 पासून 5 टक्के लावतात. सेवाशुल्क ऐच्छिक आहे, दिल्ली उच्च न्यायालयाने 28 मार्च 2025 ला ते पुन्हा स्पष्ट केले. नको असेल तर काढायला सांगावे, भांडू नये.

आमच्या त्या मित्रांसाठी शेवटी सुलतान बाजारच्या बाजूला एक घरगुती मेस मिळाली. पोळी जाड असते आणि आमटीत गूळ नसतो, अशी त्यांची तक्रार आहे. आम्ही चौघांनीही दुपारपुरते तीन महिन्यांचे पैसे आगाऊ भरले. बाईंची अट एकच आहे: येणार नसाल, तर सकाळी नऊच्या आत फोन करा.