टेकडी, घर आणि नगरसेवकाचं मत

शहराची वाढ, परवडणारी घरं आणि टेकड्या-ओढ्यांचं रक्षण हे विषय घेऊन कोणी महापालिकेची निवडणूक लढवायला निघालं, की सोसायटीच्या बैठकीत त्याला हमखास एक सल्ला मिळतो: हे विषय आमदार-खासदारांचे, नगरसेवकानं नळ, गटार आणि रस्त्यावरचे दिवे बघावेत. पुण्यात 15 जानेवारी 2026 रोजी झालेल्या मतदानाआधीही हाच सूर होता. सल्ला देणारे बहुतेक भले लोक असतात आणि त्यांचा अनुभवही खोटा नसतो. तुंबलेलं गटार ज्यानं मोकळं केलं तो लक्षात राहतो. विकास आराखड्यावर कोणी कसं मत दिलं हे कुणी विचारतही नाही. तरीही हा सल्ला चुकीचा आहे, आणि त्याची किंमत शहर रोज मोजतं आहे.

आधी कायद्याचं बघू. 74वी घटनादुरुस्ती 1 जून 1993 पासून लागू झाली. तिच्यासोबत आलेल्या बाराव्या अनुसूचीत नागरी संस्थांसाठी अठरा विषय आहेत. पहिला नगर नियोजन, दुसरा जमिनीचा वापर आणि बांधकामांचं नियमन, तिसरा आर्थिक-सामाजिक विकासाचं नियोजन. पर्यावरणाचं रक्षण आणि झोपडपट्टी सुधारणाही त्यात आहे. रस्त्यावरचे दिवे सतराव्या क्रमांकावर येतात. हे अधिकार किती द्यायचे ते राज्य ठरवतं आणि महाराष्ट्रानं ते देताना हात आखडता घेतला, हे मान्य. पण दिलेले अधिकारही लहान नाहीत. एखाद्या क्रीडांगणाचं किंवा शाळेचं आरक्षण बदलायचं असेल, तर 1966 च्या प्रादेशिक व नगररचना कायद्याच्या कलम 37 खाली प्रस्ताव येतो. पुण्यात तो शहर सुधारणा समितीतून मुख्यसभेपुढे जातो. अंतिम मंजुरी राज्याची असली तरी ठराव नगरसेवकांच्या मतांनी होतो. त्या दुपारी वर गेलेला किंवा न गेलेला हात पुढची पन्नास वर्षं त्या परिसराची घरं, शाळा आणि मोकळी हवा ठरवतो. ज्या उमेदवाराला या विषयावर मतच नाही, तो तिथं पक्षाच्या आदेशाप्रमाणे हात वर करणार.

दुसरा आक्षेप असा: घरांच्या किमती बाजार ठरवतो, पालिका काय करणार? सदनिकेचा दर पालिका ठरवत नाही, हे खरंच आहे. पण घर परवडणं म्हणजे नुसता तो दर नव्हे. पुण्याच्या कडेच्या गावांत जाऊन बघा. 2017 मध्ये 11 आणि 2021 मध्ये 23 गावं पालिकेत आली. तिथं पाण्याची वाहिनी पोचण्याआधीच मोठमोठ्या गृहप्रकल्पांना परवानग्या मिळाल्या. पालिकेचं पाणी येईपर्यंत आम्ही पुरवू, अशी हमीपत्रं बिल्डरांकडून घेतली गेली. मग इमारत उभी राहते, सोसायटी स्थापन होते, बिल्डर पुढच्या प्रकल्पाकडे वळतो आणि टँकरचं बिल देखभाल खर्चात येऊन बसतं. जवळ बस नाही म्हणून घरात दोन दुचाकी लागतात. कर्जाचा हप्ता, टँकर, पेट्रोल आणि वर पालिकेचा मिळकतकर अशी बेरीज केली, की कडेचं 'स्वस्त' घर स्वस्त राहत नाही. यातला हप्ता सोडला तर बाकी सगळं पालिकेच्या निर्णयांशी बांधलेलं आहे.

आणि प्रश्न फक्त पैशांचा नाही. जानेवारी 2025 मध्ये सिंहगड रस्ता, नांदेड गाव, किरकटवाडी, धायरी या पट्ट्यात गीयन-बारे सिंड्रोम या मज्जातंतूंच्या आजाराचे रुग्ण एकामागून एक सापडू लागले. पुणे परिसरात संशयित रुग्णांची संख्या दोनशेच्या पुढे गेली आणि संशय दूषित पाण्यावर आला. हा पट्टा खडकवासला धरणाच्या कुशीत आहे. इथल्या माणसांना शुद्ध पाण्याची वाट बघावी लागावी, हे वाढ आणि नियोजन यांची फारकत झाल्याचं फळ आहे. त्या वेळी या गावांसाठी मुख्यसभेत उभा राहून जाब विचारणारा एकही नगरसेवक नव्हता, कारण पालिकेवर प्रशासक होता आणि मुख्यसभाच नव्हती.

तिसरा आक्षेप मला सर्वांत जास्त खटकतो. पर्यावरण ही कोथरूड-एरंडवण्यातल्या सुखवस्तू लोकांची चैन आहे, गरिबाला आधी घर हवं, असं म्हटलं जातं. 25 सप्टेंबर 2019 च्या रात्री आंबिल ओढ्याला पूर आला. शहरात आणि आसपास वीसहून अधिक माणसं गेली. अरण्येश्वरजवळच्या टांगेवाले कॉलनीत भिंत कोसळून माणसं दगावली. ती काही बंगल्यांत राहणारी नव्हती. कात्रजच्या डोंगरउतारावर जमीन उघडी पडते, ओढ्याचं पात्र आवळलं जातं, आणि पाणी सर्वांत सखल जागेत, म्हणजे सर्वांत स्वस्त घरात शिरतं. जुलै 2024 मध्ये सिंहगड रस्त्यावरच्या एकतानगरीत पाणी शिरलं तेव्हाही संसार मध्यमवर्गीयांचे आणि कष्टकऱ्यांचेच भिजले. टेकडी राखणं हे खाली राहणाऱ्याच्या घराचं रक्षण आहे. 1997 मध्ये पालिकेत आलेल्या गावांच्या टेकड्यांवर जैवविविधता उद्यानाचं आरक्षण टिकावं म्हणून माजी महापौर वंदना चव्हाण आणि अनेक नागरिक वर्षानुवर्षं झगडले. 2015 मध्ये राज्यानं ते मान्य केलं. तो लढा पालिकेच्या सभागृहातून आणि नागरिकांच्या हरकतींतून उभा राहिला होता, हे विसरता कामा नये.

आता थोडं आपल्याच बाजूच्या लोकांशी. टेकडीवर नको, नदीकाठी नको, आणि आमच्या गल्लीत उंच इमारतही नको, असं म्हणणारा माणूस टेकडीचं रक्षण करत नाही. तो कामगाराला, नर्सला, नव्यानं नोकरीला लागलेल्या मुलीला वीस किलोमीटर लांब ढकलतो. घरं कुठं बांधायची याचं उत्तर द्यावंच लागेल, आणि माझं उत्तर मेट्रोलगत असं आहे. स्थानकांभोवती 500 मीटरपर्यंत कमाल चार एफएसआय (चटईक्षेत्र निर्देशांक) देण्याचं धोरण आहे. ते जोमानं वापरावं, पण त्यातून फक्त महागड्या सदनिका निघणार असतील तर त्याचा उपयोग नाही. चार हजार चौरस मीटर आणि त्याहून मोठ्या जमिनीवरच्या प्रकल्पात वीस टक्के घरं दुर्बल आणि अल्प उत्पन्न गटासाठी राखण्याची अट महाराष्ट्रात 2013 पासून आहे. ही घरं म्हाडाकडे सोपवली जात नसल्याचा नाशिकमधला प्रश्न 2022 मध्ये विधिमंडळात गाजला. पुण्यातल्या नगरसेवकानं दर तीन महिन्यांनी विचारावं: किती प्रकल्पांना ही अट लागू होती, किती घरं बांधली, किती घरांच्या किल्ल्या दिल्या?

प्रशासकाच्या काळात कामं झटपट झाली, असंही पुष्कळजण म्हणतात. घटनेनं नागरी संस्थेची मुदत पाच वर्षं ठरवली आहे आणि ती संपण्याआधी निवडणूक घ्यायला सांगितलं आहे. पुण्यात मार्च 2022 मध्ये मुदत संपली आणि जवळपास चार वर्षं सभागृह नव्हतं. अंदाजपत्रकं प्रशासकानंच मांडली आणि प्रशासकानंच मंजूर केली. अधिकारी कर्तबगार असू शकतो, पण विरोधी मत नोंदवायला त्याच्यासमोर कोणी नसतं. याच शहराच्या नगरपालिकेत 1876 पासून काही वर्षं जोतीराव फुले सभासद होते. व्हाइसरॉय लिटनच्या स्वागतावर खर्च करायला त्यांनी एकट्यानं विरोध केला. नव्या मंडईच्या इमारतीपेक्षा तो पैसा शिक्षणावर लावा, अशीही त्यांची भूमिका होती. मंडई उभी राहिलीच आणि आज तिला त्यांचंच नाव आहे. पण पालिकेचा पैसा कोणासाठी, हा प्रश्न दीडशे वर्षांपूर्वी सभागृहात विचारला गेला, तो एका सभासदामुळे.

चार सदस्यांच्या प्रभागात एकटा उमेदवार टिकत नाही, हे मला मान्य आहे. 165 जागा 41 प्रभागांत विभागल्या की एकेका प्रभागात ऐंशी-नव्वद हजार माणसं येतात आणि पक्षाचं यंत्र नसलेल्याची दमछाक होते. म्हणूनच प्रचाराच्या पंधरा दिवसांवर विसंबून चालत नाही. 2009 मध्ये राज्यानं क्षेत्रसभेची तरतूद कायद्यात आणली. मतदान केंद्रांच्या परिसरातले मतदार एकत्र बसून आपल्या भागाच्या कामांबद्दल बोलतील, अशी ती कल्पना होती. पुण्यात 2006 पासून नागरिकांना अंदाजपत्रकासाठी कामं सुचवता येतात. ही दोन्ही दारं बहुतांशी वापराविना राहिली. सभागृह आता पुन्हा भरलं आहे. निवडून आलेल्यांनी आपल्या प्रभागात क्षेत्रसभा बोलवावी आणि पराभूत उमेदवारांनी ती मागणी लेखी करावी. पाण्याची वाहिनी, वीस टक्के घरं आणि ओढ्याचं पात्र हे तीन विषय त्या सभेच्या कार्यक्रमपत्रिकेवर असावेत, आणि पुढच्या अंदाजपत्रकाआधी त्यांची लेखी उत्तरं क्षेत्रीय कार्यालयाकडून मिळावीत.