स्थगितीची किंमत कोणी मोजायची?

खटला थांबला म्हणजे दोन्ही पक्ष सारखेच थांबले, असे कायद्याचे गृहीत आहे. अमेरिकेतील डाल्कन शील्ड प्रकरणाचा इतिहास ते गृहीत खोटे ठरवतो.

गर्भाशयात बसवण्याचे हे संततिप्रतिबंधक साधन ए. एच. रॉबिन्स कंपनीने १९७१ पासून विकले. त्याच्या अनेक तंतूंच्या दोऱ्यावाटे जंतू गर्भाशयात शिरत. कित्येक स्त्रियांना गर्भपात व वंध्यत्व सोसावे लागले, काही दगावल्या. १९७४ मध्ये अमेरिकेतील विक्री थांबली. पण बसवलेली साधने काढून घ्या, असे आवाहन कंपनीने केले ते १९८४ मध्ये!

हजारो दावे उभे राहताच ऑगस्ट १९८५ मध्ये कंपनीने रिचमंडच्या संघीय न्यायालयात दिवाळखोरीचा अर्ज केला. तत्क्षणी देशभरचे खटले आपोआप थांबले. पुढच्याच वर्षी अपील न्यायालयाने हे छत्र सहप्रतिवादींवरही धरण्यास मान्यता दिली.

धनकोंची झुंबड उडू नये, सर्वांना न्याय्य वाटा मिळावा, हा स्थगितीमागचा विचार चुकीचा नाही. पण सावकार जोखीम तोलून कर्ज देतो, व्याज लावतो. जायबंदी झालेल्या स्त्रीने कंपनीला काहीही उसने दिलेले नव्हते. स्थगितीच्या काळात कंपनीचा धंदा चालू राहतो. त्या स्त्रीचा औषधोपचाराचा खर्चही चालूच राहतो. काळाचे मोल अशा रीतीने एकाच पक्षाकडून वसूल होते.

शेवटी तीन लाखांहून अधिक दावे दाखल झाले. त्यांच्यासाठी २४७.५ कोटी डॉलरांचा विश्वस्त निधी १९८९ मध्ये उभा राहिला. रॉबिन्स विकत घेणाऱ्या कंपनीने भागधारकांना सुमारे ७० कोटी डॉलरांचे समभाग दिले. ज्या स्त्रियांजवळ पुरेसा पुरावा नव्हता, त्यांच्यापुढे जास्तीत जास्त ७२५ डॉलर घेऊन दावा मिटवण्याचा पर्याय ठेवण्यात आला.

अफूजन्य वेदनाशामके विकणाऱ्या पर्ड्यू फार्माच्या प्रकरणात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने जून २०२४ मध्ये महत्त्वाचा निर्णय दिला. स्वतः दिवाळखोरीत न गेलेल्या मालकांना पीडितांच्या संमतीवाचून दायित्वमुक्ती देता येणार नाही, असे त्यात ठरले. हे स्वागतार्ह आहे. परंतु खटल्यांना मिळणारी आपोआप स्थगिती त्यामुळे संपत नाही. म्हणून मागणी नेमकी हवी. स्थगितीच्या काळात पीडितांच्या उपचारांचा खर्च कंपनीच्या चालू मिळकतीतून प्रथम दिला जावा. साक्षीपुरावे नोंदवण्याचे काम खंडित होऊ नये. आणि सधन सहप्रतिवादींना या छत्राखाली जागा मिळू नये.