कुलूपबंद प्रोसेसर आणि बाबांचे निम्मे पैसे



गेल्या रविवारी इंदूरहून ताईचा फोन आला. भाचा अकरावीत गेलाय, त्याला कॉम्प्युटर घ्यायचाय. "अरे, तो म्हणतो 'के'वालाच प्रोसेसर हवा. दुकानदार म्हणतो, त्याला बोर्ड वेगळा, पंखा वेगळा. सगळं मिळून बारा हजार जास्त! तूच सांग काय ते." मागून भाच्याचा आवाज, "मामा, तो अनलॉक्ड असतो!"

तर आज या कुलपाबद्दल.

प्रोसेसरचा वेग म्हणजे साधा गुणाकार. मूळ घड्याळ 100 मेगाहर्ट्झचं आणि गुणक 33, तर वेग 3.3 गिगाहर्ट्झ. इंटेलच्या प्रोसेसरच्या नावात शेवटी 'के' असेल, तर हा गुणक आपल्याला वाढवता येतो. यालाच ओव्हरक्लॉकिंग म्हणतात. बाकी बहुतेकांच्या गुणकाला कंपनीचं कुलूप.

पूर्वी हौशी मंडळी कुलपाला हात न लावता घड्याळच पळवायची. 1998 चा सेलेरॉन 300ए त्यासाठी गाजला. गुणक 4.5 वर बंद, पण घड्याळ 66 वरून 100 वर नेलं की 300 चा 450 मेगाहर्ट्झ व्हायचा! 2011 च्या सँडी ब्रिज पिढीत ही वाटही जवळजवळ बंद झाली. इतर भागही त्याच घड्याळाला बांधलेले, त्यामुळे ते जरा जास्त वाढवलं की बाकीचं अडखळायचं. उरला फक्त 'के'.

2012 च्या दिवाळीत मीही हौसेने आय5-2500के घेतला. नोकरी नवीन होती, निम्मे पैसे बाबांनी दिले. घरी आणून बायोस उघडलं, तर गुणक काही वाढेना. नंतर कळलं, वेग वाढवायला पी67 किंवा झेड68 यांसारख्या चिपसेटचा बोर्ड लागतो. माझा होता एच61. दुकानदाराने सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. किल्ली हातात होती, पण दाराला कुलूपच बसवलेलं नव्हतं! बाबांना मात्र मी काही बोललो नाही.

बोर्ड बरोबर असता तरी पुढे उष्णता होतीच. वेग वाढवला की बहुधा व्होल्टेजही वाढवावं लागतं आणि विजेचा खप व्होल्टेजच्या वर्गाप्रमाणे वाढतो. वेग 10 टक्के आणि व्होल्टेज 10 टक्के वाढवलं, तर खप साधारण 33 टक्क्यांनी चढतो. आमच्या बडोद्यात मे महिन्यात पारा 42-43 वर जातो. तिथे ही जादा उष्णता बाहेर काढायला मोठा कूलर लागणारच. वॉरंटीचा प्रश्न वेगळाच.

शिवाय आजचे प्रोसेसर थंड असतील तोवर टर्बोमध्ये आपणहून वेग वाढवतात. आपण ओढून काढावं असं फारसं शिल्लक राहत नाही. एएमडीच्या रायझनचा गुणक बहुतेक वेळा खुला असतो, पण तिथेही प्रत्येक बोर्ड वेग वाढवू देत नाही. म्हणून प्रोसेसर आणि बोर्ड ही जोडी पत्रिका जुळवूनच घ्यावी.

भाच्याला म्हटलं, "तुला गेम खेळायचेत ना? मग 'के' सोड. ते बारा हजार ग्राफिक्स कार्डात घाल, फरक डोळ्यांना दिसेल. ओव्हरक्लॉकिंग शिकायचंच असेल तर सुट्टीत बडोद्याला ये, माझ्या जुन्या मशीनवर शिकवतो." जरा कुरकुरला, पण पटलं असावं.

फोन ठेवल्यावर बाबांजवळ जाऊन बसलो आणि 2012 ची गोष्ट एकदाची सांगून टाकली. त्याच कॉम्प्युटरवर त्यांनी नऊ वर्षं मंडळाचा जमाखर्च लिहिला. चष्मा वर करून म्हणाले, "माझी बेरीज तर कधी चुकली नाही त्याच्यावर. मग बिघडलं काय?"

भेटूया पुढच्या अंकात!