आठवड्यातला एक वार द्या

‘आमच्यामागे याचं कसं होणार?’ बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलाचे आईवडील हा प्रश्न आयुष्यभर मनात घेऊन जगतात. मूल लहान असतं तोवर निदान विशेष शाळा तरी असते. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने दिलेला मोफत शिक्षणाचा हक्क १८ व्या वर्षी संपतो. पुढची चाळीस-पन्नास वर्षं काय करायचं, याचं उत्तर बहुतेक घरांत टीव्हीसमोरची खुर्ची एवढंच असतं. आई सत्तरीला येते, मुलगा पंचेचाळिशीचा होतो, आणि दोघं एकमेकांना धरून घरात बसून राहतात.

याहून चांगलं आयुष्य शक्य आहे. पुण्याच्या पश्चिमेला, मुळशी तालुक्यातल्या कोळवण खोऱ्यात १९९४ पासून साधना व्हिलेज आहे. तिथल्या प्रौढांना ‘विशेष मित्र’ म्हणतात. ते घरांमध्ये राहतात, सोबत गृहमाता असतात, आणि ज्याला जमेल ते काम तो करतो. या कामामागे कॅम्पहिल चळवळीची प्रेरणा आहे. हिटलरच्या तावडीतून सुटलेले व्हिएन्नाचे डॉ. कार्ल क्योनिग आणि त्यांचे सहकारी स्कॉटलंडला पोचले. १९४० मध्ये त्यांच्यातले पुरुष शत्रुदेशाचे नागरिक म्हणून स्थानबद्ध असताना बायकांनीच ॲबर्डीनजवळच्या कॅम्पहिलच्या घरात बिऱ्हाड हलवलं आणि दिव्यांग मुलांसाठीचं काम चालू ठेवलं. पुढे १९५५ मध्ये यॉर्कशायरमध्ये बॉटनला प्रौढांसाठी असंच गाव वसलं, शेती आणि गोठ्याच्या आधाराने.

शेतीच का? कारण शेतात प्रत्येकाच्या हाताजोगं काम निघतं. ज्याला आकडे कळत नाहीत तो रोपांच्या पिशव्यांत माती भरतो. जिला बोलता येत नाही ती गांडूळखत चाळते, आणि चाळणीखाली पडलेला भुसभुशीत ढीग सगळ्यांना दिसतो. गाईला वैरण रोज लागते, त्यामुळे ती घालणाऱ्याची वाट रोज कुणीतरी पाहत असतं. चाळिशीतल्या माणसाला असं लागण्याजोगं होता येणं फार मोठी गोष्ट आहे.

पण अशी शेतं माणसांवर चालतात, आणि माणसं कमी पडतात. तिशी-चाळिशीत ज्यांनी ही कामं उभी केली त्यांचे केस पांढरे झाले. पगारी कार्यकर्ते मोजके असतात. तण काढताना एका मित्राशेजारी एक माणूस बसावा लागतो, नाहीतर कोथिंबीरही उपटली जाते आणि मग त्याला काम देणंच बंद होतं. शेत ओस पडतं ते असं, हळूहळू, एकेका वाफ्याने. म्हणून हे आवाहन: देणगी द्याच, पण आठवड्यातला एक वारही द्या.

वाढदिवसाचा केक कापून, फोटो काढून निघून जाणारे पाहुणे पुष्कळ येतात. त्यांचा हेतू चांगला असतो, पण या मित्रांना हवा असतो ठरलेल्या दिवशी येणारा ओळखीचा चेहरा. तुम्ही दर बुधवारी आलात तर बुधवारी कुणीतरी फाटकाशी उभं राहील. न सांगता दांडी मारलीत तर तेही कुणाला तरी लागेल, याचा विचार करूनच हो म्हणा.

शिकायला फार लागत नाही. एका वेळी एकच गोष्ट सांगायची. तोंडाने सांगण्याआधी हाताने करून दाखवायची. मग थांबायचं. हे थांबणंच आपल्याला सर्वांत जड जातं. हात शिवशिवतात, खुरपं घेऊन आपणच वाफा उरकावासा वाटतो. उरकू नका. पस्तिशीच्या माणसाला ‘बाळा’ म्हणू नका, नावाने हाक मारा. त्याच्यासमोर त्याच्याविषयी दुसऱ्याशी बोलू नका.

चिखलात उतरणं जमत नसेल तरी तुमची गरज आहे. हिशेब लिहायला, भाजी शहरात विकायला, गाडी चालवायला, दात तपासायला माणसं हवीत. राष्ट्रीय न्यास कायदा १९९९ चा आहे, तरी त्यानुसार मूल १८ चं झाल्यावर जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडून कायदेशीर पालकत्व घ्यायचं असतं, हे अनेक पालकांना माहीत नसतं. ते अर्ज भरून देणारा एखादा निवृत्त कारकून कित्येक घरांचा घोर हलका करील.

महाराष्ट्राला श्रमदान नवं नाही. १९६७ पासून बाबा आमट्यांच्या हाकेला ओ देऊन तरुण मुलं ऐन उन्हाळ्यात सोमनाथच्या छावणीला जात आली आहेत. तीच उमेद आता वर्षभर, थोडी थोडी करून, आपल्या जवळच्या शेतावर हवी आहे.

तुमच्या जिल्ह्यात प्रौढ दिव्यांगांसाठी शेती किंवा कार्यशाळा कुठे चालते ते या आठवड्यात शोधा. आधी फोन करून जा, पहिल्या दिवशी नुसतं सोबत बसा, जेवा. पटलं तर निघताना तिथल्या ताईंना तुमचा वार सांगा, आणि भाताची लावणी जवळ आली असेल तर जुने कपडे घेऊन या.