टाकीला भोक पाडण्यात कसली मर्दुमकी?

अ‍ॅरिझोनात वीकएंडला वाळवंटात जाऊन गोळ्या झाडणं हा रीतसर छंद आहे. बऱ्याच सरकारी जमिनीवर नियम पाळून केला तर कायदेशीरही. फिनिक्स-चँडलरचे आपले देसीसुद्धा हौसेने जातात. जा बापडे! बंदुकीशी माझं भांडण नाही. भांडण आहे ते दुसरं काही सापडलं नाही म्हणून गुरांच्या पाण्याच्या टाकीवर नि सौरपंपाच्या पॅनेलवर नेम धरणाऱ्या महाभागांशी.

म्हणे, "एवढंसं भोक, त्याने काय होतंय?" इंजिनियर ना तुम्ही? मग करा गणित. 2 मीटर उंचीची, 10,000 लिटरची भरलेली टाकी. तळाशी 9 मिलिमीटरचं भोक. सुरुवातीला मिनिटाला साधारण 14 लिटर पाणी जातं. एका दिवसात टाकी खडखडीत! रँचवाला काही तिथे रोज फिरकत नाही. तो येईपर्यंत जूनच्या चाळीस डिग्रीच्या वरच्या उन्हात गुरं कोरड्या हौदाभोवती उभी.

दुसरा युक्तिवाद त्याहून थोर: "ओसाड जागा, कोणाचं काय जातंय?" अहो, हरणांचं जातंय, रानमेंढ्यांचं जातंय. त्यांच्यासाठी राज्याचं गेम अँड फिश खातं रानात पाणवठे बांधतं, पाऊस दगा देतो तेव्हा ट्रकने पाणी नेऊन भरतं. 1937 च्या पिटमन-रॉबर्टसन कायद्याप्रमाणे रायफली आणि काडतुसांवर 11 टक्के कर लागतो, तो पैसा राज्यांना वन्यजीवांसाठी मिळतो. म्हणजे स्वतःच्याच काडतुसाच्या करातून उभ्या राहणाऱ्या कामाला हे वीर भोकं पाडतात. धन्य!

इथल्या कायद्याला पाण्याची किंमत बरोबर कळते. जनावरांची वाट अडेल असा पाणवठ्याच्या पाव मैलात तळ ठोकायला बंदी आहे. गुरांच्या एकमेव पाण्याच्या वाटेत बेपर्वाईने गाडी लावणं हासुद्धा गुन्हा. मग टाकी फोडणं काय खेळ झाला?

आणि आपण मराठी माणसांनी तरी हे दात काढून बघू नये. 2016 साली लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी न्यावं लागलं होतं, विसरलात?

असो. टार्गेट घरून न्या, मागे मातीचा उंचवटा बघूनच बार काढा, रिकामी काडतुसं उचलून आणा. ग्रुपमधल्या कोणी टाकीकडे नळी वळवली तर त्याला तिथेच झापा. आणि रानातला पाणवठा फुटलेला दिसला तर फोटो काढून फेसबुकवर टाकत बसू नका, गेम अँड फिशच्या 'ऑपरेशन गेम थीफ'ला आधी फोन लावा.