फ्लेक्सवर फोटो कुणाचा, भिंतीवर चित्र कुणाचे?

एप्रिल लागला की जालन्यात दोन गोष्टी वाढतात, ऊन आणि फ्लेक्स. 11 तारखेला जोतीराव, 14 तारखेला बाबासाहेब. चौकाचौकात लागलेले फ्लेक्स जरा निरखून बघा. बाबासाहेब कोपऱ्यात आणि शुभेच्छुक मधोमध! मे उजाडेपर्यंत उन्हाने रंग उडतो आणि जयंतीतून उरते फाटके प्लास्टिक.

आम्ही विचारतो, वस्तीत ब्रशने बाबासाहेबांचा चेहरा रंगवणारा पेंटर कुठे गेला? छपाईच्या मशीनने त्याचा धंदा मारला, हे अर्धेच सत्य. उरलेले अर्धे असे की, आपणच त्याला काम देणे बंद केले.

प्रस्थापितांनी कलेची दारे आपल्याला बंद ठेवली, ही तक्रार खरीच आहे. सरकारी चित्रकला महाविद्यालये मुंबई, नागपूर, औरंगाबादला. परतूर-मंठ्याच्या मजुराच्या पोराने तिथे राहायचे कुठे, रंग आणायचे कशातून? तरीही आपल्या माणसांनी ते दार ढकलले. नागपूरच्या सवी सावरकरांनी गळ्यात मडके आणि कमरेला झाडू बांधलेला अस्पृश्य कॅनव्हासवर आणला. विक्रोळीचे विक्रांत भिसे चळवळ रंगवतात. 2022 च्या उन्हाळ्यात प्रभाकर कांबळे यांची ‘उतरंड’ बर्लिनच्या द्वैवार्षिक प्रदर्शनात उभी होती. जातीची उतरंड जर्मनीत पाहिली गेली. आपल्या किती जयंती समित्यांना ही नावे ठाऊक आहेत?

कुणी म्हणेल, भाकरीचा प्रश्न असताना चित्रे कशाला? मग 1920 साली बाबासाहेबांनी ‘मूकनायक’ काढला तेव्हा भाकरीचा प्रश्न सुटला होता काय? ज्यांचे चित्र दुसरेच काढतात, त्यांचा इतिहासही दुसरेच लिहितात.

1978 च्या ठरावापासून 1994 पर्यंत नामांतरासाठी मराठवाड्यातल्या आपल्या वस्त्यांनी घरे जळताना पाहिली, माणसे गमावली. त्या सोळा वर्षांचे चित्र आपल्या किती भिंतींवर आहे?

म्हणून तरुणांनो, आमचे म्हणणे सरळ आहे. पुढच्या जयंतीच्या वर्गणीतून फ्लेक्सचा खर्च वगळा. तो पैसा वस्तीतल्या पेंटरला आणि चित्रकला शिकणाऱ्या पोरा-पोरींना मजुरी म्हणून द्या, फुकट राबवू नका. बुद्धविहाराची एक भिंत त्यांच्या हवाली करा. काय काढायचे ते त्यांना ठरवू द्या. आणि त्या भिंतीवर एकाही शुभेच्छुकाचा फोटो नको!

जय भीम!