रिपोर्ट नाकारला, पण बिलाचं काय?

कामाचा मोबदला : साप्ताहिक स्तंभ

दिवाळीच्या आधीचे दोन महिने मिस्टरी शॉपरसाठी सुगीचे. कपड्यांच्या, मोबाइलच्या, दागिन्यांच्या साखळी दुकानांना आपला स्टाफ गर्दीत कसा वागतो हे याच दिवसांत बघायचं असतं. मग पुणे, नाशिक, नागपूर, कोल्हापूर अशा शहरांतली कामं एजन्सींच्या पोर्टलवर धडाधड येतात आणि गृहिणी, कॉलेजची मुलं, निवृत्त बँक कर्मचारी, शिकवण्या घेणारे शिक्षक ती उचलतात. दिवाळी सरली की या स्तंभाकडे पत्रं यायला लागतात. तक्रार बहुतेक एकच असते. काम केलं, पदरचे पैसे घातले, रिपोर्ट वेळेत भरला आणि दोन आठवड्यांनी उत्तर आलं, 'असाइनमेंट रिजेक्टेड'.

माझं मत आधीच सांगून टाकतो. रिपोर्ट नाकारायचा अधिकार एजन्सीला हवाच. पण त्यापायी शॉपरने खिशातून भरलेलं बिल बुडवायचा अधिकार तिला नाही, आणि नाकारलेल्या रिपोर्टमधली माहिती वापरायचा तर मुळीच नाही.

ज्यांना हे काम ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. दुकान, हॉटेल, बँक, शोरूम अशा ठिकाणी साधा ग्राहक म्हणून जायचं, नेमून दिलेले प्रश्न विचारायचे, नेमून दिलेली खरेदी करायची आणि काय घडलं ते बहुतेक वेळा चोवीस तासांच्या आत लिहून द्यायचं. आपण कोण हे कुणाला कळू द्यायचं नाही. ब्रँड, म्हणजे क्लायंट, एजन्सीला पैसे देतो, एजन्सी शॉपरला. अमेरिकेत १९४० च्या दशकात विल्मार्क नावाच्या कंपनीने 'मिस्टरी शॉपिंग' हे नाव रूढ केलं असं मानतात. तेव्हा मुख्य काळजी होती ती नोकर गल्ल्यावर हात तर मारत नाहीत ना, याची. आता मामला बराच पुढे गेला आहे. मोनिका हलान आणि रेणुका साने या अभ्यासकांनी दिल्लीतल्या बँक शाखांमध्ये असेच ग्राहक पाठवले, तेव्हा गुंतवणुकीचा सल्ला मागणाऱ्याला सरकारी बँका मुख्यतः मुदत ठेव सुचवतात आणि खासगी बँका विम्याकडे वळवतात, हे कागदावर आलं. काउंटरच्या अलीकडे उभं राहिल्याशिवाय ही गोष्ट कळण्यासारखी नव्हती. हे काम हलकं नाही, हे कळावं म्हणून हा दाखला दिला.

नाशिकच्या एका वाचक ताईंनी पत्रासोबत एजन्सीच्या गाइडलाइनच्या प्रती आणि बिलाचा फोटोही पाठवला. काम होतं एका रेस्टॉरंटचं. रविवारी संध्याकाळी सात ते नऊच्या दरम्यान दोघांनी जायचं, एक स्टार्टर, दोन मेन कोर्स आणि एक गोड पदार्थ मागवायचा. बाराशे रुपयांपर्यंतचं बिल परत मिळणार, वर साडेतीनशे रुपये मानधन. दारात किती सेकंदांत स्वागत झालं, पाणी किती मिनिटांत आलं, वेटरने गोड पदार्थ आपणहून सुचवला का, टॉयलेटमध्ये साबण आणि टिश्यू होते का, बिल मागितल्यापासून हातात पडेपर्यंत किती वेळ गेला, असे प्रश्न पानामागून पान. त्यातच एक प्रश्न वेटरच्या नावाचा. वेटरच्या शर्टावर नावाचा बॅजच नव्हता. ताईंनी तसं लिहिलं, शिवाय वर्णन दिलं : वय अंदाजे पंचवीस, उंच, डाव्या मनगटावर लाल दोरा. रिपोर्ट त्याच रात्री बारा वाजायच्या आत गेला. दुसऱ्या दिवशी एजन्सीच्या, रिपोर्ट तपासणाऱ्या एडिटरने एक शंका विचारली, तिचं उत्तरही लगेच दिलं. सोळाव्या दिवशी निरोप आला : क्लायंटने नाकारला, कारण कर्मचाऱ्याचं नाव नाही. साडेतीनशे गेले ते गेले, भरलेल्या बिलाचे अकराशे चाळीसही गेले.

बॅज नसणं हीच त्या भेटीतली सगळ्यात ठळक नोंद होती. आपली माणसं बॅज लावतात की नाही हे कळावं म्हणूनच ब्रँड पैसे मोजतो. ताईंनी नेमकं तेच शोधून दिलं आणि तेच त्यांच्या अंगावर आलं. त्याच गाइडलाइनच्या चौथ्या पानावर स्पष्ट छापलं होतं की नाव न दिसल्यास वर्णन लिहावं. ताईंनी ती ओळ अधोरेखित करून एजन्सीला पाठवली, तेव्हा अकराशे चाळीस रुपये परत आले. मानधन आलं नाही. वाद नको म्हणून त्यांनी पुढे विषय सोडला. मी सोडला नसता, कारण चूक एजन्सीची होती आणि बिल परत करून एजन्सीने ती मान्यही केली होती.

अशा वेळी घरच्यांकडून हमखास एक वाक्य ऐकू येतं : 'जाऊ दे ना, जेवण तर झालं!' एजन्सीतली माणसंही निराळ्या शब्दांत हेच बोलतात. मला हे अजिबात पटत नाही. ज्या जेवणात एक डोळा घड्याळावर, कान शेजारच्या टेबलावरच्या तक्रारीकडे आणि पाठ केलेले चाळीस प्रश्न डोक्यात, ते जेवण कसलं? सोबत आलेल्या नवऱ्याशी धड बोलता येत नाही, नको असलेला गोड पदार्थ मागवावा लागतो, टॉयलेटला गरज नसताना जावं लागतं. ती बाई स्वतःच्या पैशाने त्या हॉटेलात गेली असती का, हा प्रश्न विचारा. सुट्टीच्या दिवशी दोन माणसांवर अकराशे चाळीस रुपये खर्च करायचं तिने ठरवलंच नव्हतं. तो खर्च कामाचा होता. ड्रायव्हरने मालकाच्या गाडीत पदरचं डिझेल भरलं, तर मालकाला फेरी आवडो न आवडो, डिझेलचे पैसे ड्रायव्हरला द्यावे लागतात.

दुसरी बाजूही तितक्याच स्पष्टपणे सांगायला हवी. नाकारले जाणारे पुष्कळ रिपोर्ट नाकारण्याच्याच लायकीचे असतात. कॉलेज रोडच्या शाखेचं काम घेऊन माणूस गंगापूर रोडच्या शाखेत जाऊन येतो. दुपारच्या शिफ्टचं काम संध्याकाळी करतो. 'सेल्समन उद्धट होता' एवढंच लिहितो, तो काय बोलला ते लिहीत नाही. आधी 'अभिवादन केलं का?' यावर 'नाही' अशी खूण करतो आणि खाली वर्णनात 'हसून नमस्कार केला' असं लिहितो. ऑडिओत टीव्हीचा आवाज येतो, माणसांचा येत नाही. कुणी मागच्या महिन्याचा मजकूर उचलून नव्या शाखेचं नाव घालतो. कुणी काउंटरवरच मोबाइल काढून टिपणं घ्यायला लागतो आणि स्टाफ ओळखतो. अनेक साखळी दुकानांत या रिपोर्टच्या गुणांवर स्टाफचा इन्सेंटिव्ह ठरतो. बारा-पंधरा हजारांवर दिवसभर उभ्याने काम करणाऱ्या मुलीचे महिन्याचे हजार रुपये आपल्या एका निष्काळजी टिकमार्कने जाऊ शकतात. म्हणून एडिटरची कात्री कडक असली पाहिजे, त्याबद्दल मला तक्रार नाही.

तक्रार आहे ती नाकारण्याच्या पद्धतीबद्दल. फी, बिलाची परतफेड आणि रिपोर्टमधली माहिती या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. पण 'रिजेक्टेड' हा एक शिक्का तिन्हींवर एकदम मारला जातो. शॉपरने स्वतः शाखा चुकवली असेल, तर फी आणि बिल दोन्ही गेले, ठीक आहे. गाइडलाइनप्रमाणे खरेदी केली, पुरावा दिला, पण वर्णन कच्चं ठरलं, तर फार तर फी कापा, बिल द्या. आणि क्लायंटने ती माहिती ठेवून घेतली असेल, शाखेच्या मॅनेजरला त्यावरून बोलावलं असेल, तर तो रिपोर्ट नाकारलेला नाहीच. त्याचे पूर्ण पैसे द्यायलाच हवेत.

कायदा इथे अगदीच मुका नाही. भारतीय करार कायदा १८७२ चा. त्याचं कलम ७० सांगतं की फुकट करायचा हेतू नसताना एखाद्याने दुसऱ्यासाठी कायदेशीरपणे काही केलं आणि दुसऱ्याने त्याचा लाभ घेतला, तर लाभ घेणाऱ्याने भरपाई द्यायला हवी. करारात त्याबद्दल स्पष्ट काही ठरलेलं नसेल तिथे हे कलम उपयोगी पडतं. म्हणून तर एजन्सीचा करार सही करण्याआधी वाचायचा. २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास कायद्यातली तरतूद आणखी बोलकी आहे. नोंदणीकृत सूक्ष्म किंवा लघु उद्योगाने सेवा दिली आणि खरेदीदाराने पंधरा दिवसांत लेखी हरकत घेतली नाही, तर ती सेवा स्वीकारली असं धरलं जातं. पुढे करारात काहीही ठरलं असलं तरी पैसे ४५ दिवसांपलीकडे लांबवता येत नाहीत. लांबवले तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज लागतं. महिन्यातून चार कामं करणारी गृहिणी उद्यम नोंदणी करत बसत नाही, हे मला कळतं. पण लेथ मशीनवाल्याला जे संरक्षण आहे, तेवढं तिलाही मिळायला नको का? सामाजिक सुरक्षा संहिता २०२० मध्ये आली आणि २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली. तिच्यात गिग कामगाराची व्याख्या आहे, विम्याच्या आणि निधीच्या योजनांची तरतूद आहे. केलेलं काम नाकारलं तर पैशाचं काय, या प्रश्नाला तिथे जागा नाही.

कायदा बदलेपर्यंत शॉपरने काय करावं? काम घेण्याआधी एजन्सीला ईमेलवर विचारायचं की क्लायंटने रिपोर्ट नाकारला तर बिलाचे पैसे मिळतील का. उत्तर लेखी घ्यायचं. उत्तर आलं नाही, तर मोठ्या खरेदीचं काम सोडून द्यायचं. बँकेचं, गाडीच्या शोरूमचं, फोनवरून चौकशीचं काम घ्यावं, तिथे पदरचं काही अडकत नाही. गाइडलाइनची पीडीएफ पहिल्याच दिवशी उतरवून ठेवायची, कारण काम बंद झालं की अनेक पोर्टलवर ती उघडत नाही. पैसे यूपीआयने द्यायचे म्हणजे वेळ आपोआप नोंदली जाते. थर्मल कागदावरचं बिल पाकिटात ठेवलं की काही आठवड्यांत पांढरं पडतं, म्हणून त्याचा फोटो टेबलावरून उठल्याबरोबर, चारही कोपरे दिसतील असा काढायचा. तारीख, वेळ, जीएसटी क्रमांक आणि बिल क्रमांक वाचता आला पाहिजे.

आणि नकार आलाच, तर त्याच दिवशी उत्तर लिहू नये. रागातल्या ईमेलला एजन्सीत कुणी उत्तर देत नाही. दुसऱ्या दिवशी एकच पत्र लिहायचं, त्यात असाइनमेंट क्रमांक, नकाराचं कारण त्यांच्याच शब्दांत, गाइडलाइनमधलं पान आणि ओळ, पुरावा आणि नेमकी मागणी. फी मागताय की बिल की दोन्ही, ते आकड्यात लिहायचं. दुकानात परत जाऊन 'माझ्या बिलाची दुसरी प्रत द्या' असं मागणं धोक्याचं आहे. त्यात आपली ओळख फुटली, तर आधी नसलेलं खरं कारण एजन्सीच्या हातात पडतं. सोशल मीडियावर ब्रँडचं नाव घेऊन लिहिणंही गोपनीयतेच्या करारात अडकवू शकतं. आठवड्यात उत्तर आलं नाही, तर तेच पत्र एडिटरच्या वरच्या माणसाला पाठवायचं. उत्तरात एखादी खरी चूक दाखवली असेल, तर ती मान्य करून उरलेल्या पैशासाठी बोलणं चालू ठेवायचं.

एका नकाराबद्दल मात्र अजिबात घासाघीस करायची नाही. टेलिग्रामवर किंवा व्हॉट्सअ‍ॅपवर 'तुमचा टास्क चुकला, अमुक रक्कम भरा म्हणजे अडकलेले पैसे सुटतील' असं कुणी सांगितलं, तर ती फसवणूक आहे. खरी एजन्सी शॉपरकडून नोंदणीचे, दुरुस्तीचे किंवा पैसे सोडवण्याचे पैसे मागत नाही. पहिल्या दोन टास्कचे दीडशे-दोनशे रुपये खात्यात जमा करून विश्वास बसवायचा आणि मग 'चूक' काढून हजारो रुपये उकळायचे, ही या टोळ्यांची रीत. लगेच १९३० या हेल्पलाइनला फोन करावा. जितका उशीर, तितके पैसे हाताबाहेर.

राहिले ब्रँड. एजन्सी आणि शॉपर यांच्या भांडणात ते दिसत नाहीत. पण 'नाकारा' हा निरोप बहुतेक वेळा त्यांच्याच कचेरीतून येतो. ब्रँडने बिलाची रक्कम रिपोर्टच्या मंजुरीपासून वेगळी काढून खर्च म्हणून एजन्सीला द्यावी, नकाराचं कारण गाइडलाइनच्या कलमासह पंधरा दिवसांत कळवावं आणि नाकारलेला रिपोर्ट आपल्या सिस्टिममधून पुसल्याचं लेखी द्यावं. पुसायचा नसेल, तर पैसे द्यावेत. येत्या आर्थिक वर्षाचे एजन्सी करार बहुतेक कंपन्या मार्च अखेरीस नव्याने करतात. तिथे बसणाऱ्या खरेदी विभागातल्या मंडळींना माझी विनंती आहे की या अटींचा एक परिच्छेद त्या करारात घालून घ्या.